रावजींची कमान

ट्रेलर कमानीसमोर येऊन थांबला आणि ड्रायव्हरने इंजिन बंद केलं. सिमेंटचे पाइप एकावर एक रचून साखळीने आवळलेले होते. माणूस वाकून आतून चालत गेला असता, एवढा एकेक पाइप. मागे ते उतरवायला आणलेली पिवळी हायड्रा क्रेन. ड्रायव्हर खाली उतरला. त्याने आधी पाइपांकडे पाहिलं, मग कमानीकडे, मग पुन्हा पाइपांकडे, आणि खांद्यावरच्या टॉवेलने मान पुसली.

"ही कमान कुनी बांदली ओ?" त्याने विचारलं. अक्कलकोटकडचा माणूस होता. ईरप्पा त्याचं नाव.

मथुराबाई गिरणीतून बाहेर आल्या. पापण्यांपर्यंत ज्वारीचं पीठ बसलेलं. "आमीच बांदली."

"लई खाली झाली की."

"गणपती बघून बांदलीया," मथुराबाई म्हणाल्या.

ईरप्पा हसला नाही. त्याला ते कारण पटलं असावं.

मी दळणाचा डबा घेऊन पायरीवर उभी होते. मला मात्र हसू आलं, कारण कमानीची उंची ठरली त्या दिवशीही मी तिथेच होते. ट्रक आत येता कामा नये, पण बाकी सगळं आलं पाहिजे, असं गल्लीचं म्हणणं होतं. मग 'बाकी सगळं' म्हणजे काय यावर दोन संध्याकाळी गेल्या. मंडळाचा गणपती टेम्पोवर बसल्यावर किती उंच होतो ते गल्लीच्या वरच्या भागातल्या वेणीमाधवांनी बांबू धरून मोजलं. रुग्णवाहिका वरच्या दिव्यासकट मोजली. शाळेची रिक्षा झाली. कोणीतरी म्हणालं, नवरदेव घोड्यावरून आला तर? म्हणून घोडेवाल्याला बोलावून फेट्याच्या तुऱ्यापर्यंतची उंचीही धरली. सोलापुरातल्या एका गल्लीत आयुष्यभरात जे जे येऊ शकतं ते सगळं आम्ही आठवून आठवून मोजलं. फक्त ज्या पाइपांसाठी आम्ही महापालिकेच्या पायऱ्या झिजवत होतो, ते पाइप कशावरून येतील, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

कमानीवर निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं होती. 'कै. रावजी ज्ञानबा शेळके प्रवेशद्वार'. ईरप्पाने ती वाचली आणि हे कोण म्हणून विचारलं.

"आमचे मालक," मथुराबाई म्हणाल्या. "ड्रायव्हरच हुते."

शुक्रवार पेठेतली आमची गल्ली तोंडाशी चांगली रुंद आहे. मधे एक वळण घेते आणि खाली नाल्यापाशी संपते. नाल्यावर छोटा पूल आहे, पण त्यावरून सायकल किंवा स्कूटर जाते, तेवढंच. हे माणसाला दिसतं, फोनमधल्या नकाशाला दिसत नाही. त्याच्या लेखी ती गल्ली सरळ पलीकडच्या रस्त्याला मिळते. त्यामुळे अलीकडच्या काही वर्षांत विजयपूरकडून नाहीतर हैदराबादकडून आलेला एखादा भरलेला ट्रक चौकातली गर्दी चुकवायला म्हणून आमच्या गल्लीत शिरायचा आणि वळणाच्या पुढे जाऊन अडकायचा. वळवायला जागा नाही. दोन्ही बाजूला ओटे, विजेचे खांब, वाळत घातलेल्या कुरडया. बायका खिडकीतून ओरडायच्या, पोरं जमायची, आणि तो परगावचा ड्रायव्हर घामाघूम होऊन नुसता स्टिअरिंगला धरून बसायचा.

मग रावजी निघायचे. पट्ट्यापट्ट्याचा पायजमा आणि बनियन, या वेषात. त्यांनी उभं आयुष्य ट्रक चालवण्यात काढलं होतं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला तेव्हा गाडी सोडली आणि बायकोच्या गिरणीत येऊन बसले. पण गिरणीत त्यांचा जीव रमत नसे. ट्रकचा आवाज आला की हातातलं पायलीचं माप तिथंच ठेवून उठायचे. ट्रकच्या मागे जाऊन उभे राहायचे आणि फाळक्यावर थाप मारायचे. एक थाप म्हणजे थांब. दोन थापा म्हणजे येऊ दे. असा बोट बोट सरकवत ते ट्रक उलटा गल्लीबाहेर काढून द्यायचे. बायका ड्रायव्हरला बोलायला लागल्या की म्हणायचे, आधी भाईर काडू, मग काय ते बोला. आणि बाहेर निघाल्यावर त्या माणसाला गिरणीच्या पायरीवर बसवून चहा पाजायचे. "रस्ता चुकल्याबिगर ड्रायव्हर हुत न्हाय," हे त्यांचं नेहमीचं वाक्य.

मथुराबाई करवादायच्या. घरच्या चहाची पावडर ट्रकवाल्यांनीच संपवली म्हणायच्या. पण ट्रक आत शिरला की चुलीवर आधण आपोआप चढायचं.

मागच्या श्रावणात भुरभुर पाऊस होता. शाळा सुटायची वेळ. रावजी एका ट्रकच्या मागे उभे होते, आणि त्यांचा पाय घसरला. मागे विजेचा खांब होता. ट्रक अगदी हळू येत होता. पण हळू चाललेला ट्रकसुद्धा ट्रकच असतो.

तो ड्रायव्हर कोवळं पोर होतं. तेराव्याला तो आपल्या आईला घेऊन आला आणि दारात उभा राहिला. आत यायचं त्याला धाडस होईना. गल्लीतली माणसं उठून उभी राहिली होती. मथुराबाईंनी दोघांची पानं मांडायला सांगितली. मायलेकरांना पंगतीत बसवून स्वतः वाढलं. एवढंच. 

महिन्याभरात दुसरं संकट आलं. गणपती उठल्यानंतर सोलापुरात जो पाऊस झाला, त्यात गल्लीचा खालचा भाग पाण्यात गेला. गल्लीच्या पोटातून जाणारं गटार आमच्या सासऱ्यांच्या वेळचं. तेव्हा वर चार घरं होती, आता चार-चार मजली इमारती आहेत. वरचं पाणी मावेना, आणि नाला भरला की तेच पाणी उलटं घरांत शिरे. शिवणकाम करणारी दुर्गा अगदी नाल्यालगत राहते. तिची सासू अंथरुणाला खिळलेली. पाणी वाढेल तशी दुर्गा आणि तिचा नवरा खाटेच्या पायांखाली विटा सरकवत होते. म्हातारी वरून विचारत होती, अजून किती गं? आमच्या उंबऱ्यापर्यंत आलेलं पाणी तिच्या घरात कमरेएवढं होतं.

म्हणून महापालिकेची निवडणूक लागली, जागा बायकांसाठी राखीव निघाली, आणि लोक मथुराबाईंना उभ्या राहा म्हणू लागले, तेव्हा त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. ट्रक बंद करता येतील का, आणि पाणी बंद करता येईल का. मंद्रूपच्या शेतकऱ्याची मुलगी, चौथीपर्यंत शिकलेली. पण पेठेत अर्ध्या घरांचं दळण त्यांच्याकडे, आणि दळण टाकून बसलेली बाई गिरणीत जे बोलते ते नवऱ्याजवळही बोलत नाही. त्या निवडून आल्या याचं आश्चर्य फक्त विरोधी उमेदवाराला वाटलं.

ट्रकचं काम आधी झालं. पेठांतल्या गल्ल्यांमध्ये जड वाहनांना बंदी आणि आमच्या तोंडाशी कमान, असा ठराव झाला. गुढीपाडव्याला कमान उभी राहिली. मथुराबाईंचा मुलगा दिग्विजय पुण्याहून आला. वडिलांच्या नावाची पाटी त्याने हौसेने रंगवून आणली होती. नारळ फुटला, पेढे वाटले. त्या कमानीखाली आईला उभी करून त्याने जो फोटो काढला, तोच अजून त्याच्या फोनवर आहे. फोटोत मथुराबाई वर पाटीकडे बघत नाहीत, समोर बघतात. उन्हामुळे असेल, असं मला तेव्हा वाटलं.

आणि आता वैशाखात हे पाइप.

ते तोंडाशीच उतरवून ढकलत नेता येणार नाहीत का, असं वेणीमाधवांनी ईरप्पाला विचारलं. ईरप्पा म्हणाला, काका, तुमी एक ढकलून दाकवा, बाकीचे मी ढकलतो. हायड्राने उचलून न्यावे तर तिची मान कमानीपेक्षा उंच. गल्लीला दुसरं तोंड नाही. तासाभराने ट्रेलर होता तसाच परत गेला.

दुपारी आशिष आला. महापालिकेतला तरुण इंजिनिअर. नुकतंच लग्न झालेलं, हातावरची मेंदी पुरती गेली नव्हती. गिरणी बंद करून मथुराबाईंनी त्याला पंख्याखाली बसवलं. ठेकेदाराने एक तोड सुचवली होती. बारके पाइप घ्यायचे, ते टेम्पोतून येतील, कमानीखालून आरामात जातील. कमान राहील, काम होईल, पावसाच्या आत होईल. आशिषने दोन्ही पर्याय लिहून वर पाठवले होते.

"बारक्या पायपानं पानी जाईल?" मथुराबाईंनी विचारलं.

त्याने हातातली फाइल मिटली. मग म्हणाला, "साध्या पावसाचं जाईल, मावशी. मागच्यासारख्या पावसाचं नाही. हे मी कागदावर लिहिलंय. पण सभेत कागद कोण वाचतं?"

आणि मोठे पाइप हवे असतील तर कमान काढावी लागेल. ठरावाने उभी राहिलेली आणि नाव दिलेली, म्हणून काढायलाही ठरावच लागेल. पुढच्या आठवड्यात सभा आहे. तिथे झालं नाही तर ठेकेदार ट्रेलर दुसऱ्या कामाला लावील आणि मग आपली गोष्ट दिवाळीनंतरच.

संध्याकाळी वेणीमाधवांच्या ओट्यावर गल्ली जमली. वरच्या भागातल्या लोकांना बारके पाइप एकदम मान्य होते. त्यांच्या घरात पाणी येत नव्हतं, ट्रक मात्र त्यांच्या दारावरून जायचे. वेणीमाधव स्वार्थी गृहस्थ नव्हेत, हे मी सांगितलं पाहिजे. रावजी पडले तेव्हा पहिले धावत गेले ते वेणीमाधव. त्यांच्या धोतरावर रक्त लागलं होतं, ते धोतर त्यांनी पुन्हा नेसलं नाही. ते म्हणाले, मथुराबाई, त्या खांबापाशी मी एकदा बसलोय. पुन्हा बसायची माझी ताकद नाही. कमान काढू नका.

दुर्गा उभीच होती. ती भांडेल असं वाटलं होतं, पण भांडली नाही. सासूची खाट आता कायमची विटांवर ठेवलीय, एवढंच तिने सांगितलं. म्हातारी उतरवू देत नाही म्हणे.

मथुराबाई दोघांचंही ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी दिग्विजयचा फोन आला तेव्हा मी गिरणीतच होते. पट्टा फिरत होता, म्हणून त्यांनी फोन स्पीकरवर टाकला आणि गिरणी बंद करायचं विसरल्या. दोघंही ओरडून बोलत होते, अर्ध्या गल्लीने ऐकलं.

"आई, बाबांचं नाव आहे ते. पाडव्याला लावलं आणि पावसाच्या आत काढायचं? लोक काय म्हणतील, घरच्या माणसानंच उतरवलं?"

"काय म्हनायचं ते म्हनू देत."

"तू नगरसेविका आहेस ना? मग तुझ्या नवऱ्याच्या नावाची कमान तुला राखता येत नाही?"

"दुर्गाची सासू खाटंवर हाय रे. पानी आलं की तिला पळता येत न्हाय."

"बारके पाइप टाका ना मग. सगळे तयार आहेत. तुलाच काय झालंय?"

त्याने फोन ठेवला. त्या पुन्हा डब्यात पीठ भरू लागल्या, आणि डबा भरून वाहिला तरी त्यांच्या लक्षात आलं नाही. मी त्यांचा हात धरला.

"बाई," त्या मला म्हणाल्या. दिग्विजय माझ्या वर्गात होता, तेव्हापासून मी त्यांची बाई. "तुमी मला ते काडायचं चांगल्या भाषेत लिवून द्या. मी वाचते तितं."

मी विचारलं, नक्की का? आमच्या घराचा उंबराही ओला झाला होता, त्यामुळे माझं विचारणं अगदी निर्मळ होतं असं नाही. त्यांनी मान डोलावली आणि पुढचं दळण गिरणीत ओतलं.

सभेच्या दिवशी मी गॅलरीत जाऊन बसले. खाली मथुराबाई मागच्या रांगेत, डोक्यावरून पदर, मांडीवर पिशवी. आधीचा विषय शहरातल्या जड वाहनांच्या वेळेचा होता आणि तो संपता संपेना. एक सभासद म्हणाले, दिवसा ट्रक नकोत. दुसरे म्हणाले, रात्री आले तर माणसं झोपायची कधी? व्यापाऱ्यांची बाजू मांडणारे म्हणाले, माल आला नाही तर खाल काय? शाळांच्या वेळा निघाल्या, बाजार समिती निघाली, उड्डाणपूल निघाला. मग सिद्धलिंगप्पा उठले. हे विरोधी बाकांवरचे सगळ्यांत जुने सभासद. कुठल्याही पक्षाची सत्ता असो, ते विरोधातच असतात, अशी त्यांची ख्याती. ते शांतपणे म्हणाले, दिवसाबी नको, रात्रीबी नको असं ठरवू या. आणि गटाराचं सामान हेलिकॉप्टरनं मागवू. सभागृह हसलं. शेवटी वेळा ठरवायला समिती नेमली गेली.

मग आमचा विषय आला. बारक्या पाइपांचा प्रस्ताव वाचला गेला. कुणाची हरकत असण्यासारखं त्यात काही नव्हतं. 'मंजूर, मंजूर' सुरूही झालं होतं, तेवढ्यात मथुराबाई उभ्या राहिल्या. माइक सुरू करायची त्यांना गरज नसते. जन्मभर गिरणीच्या आवाजावरून बोललेली बाई.

"मंजूर करू नगा," त्या म्हणाल्या. "आमाला मोटे पाइप पायजेत. कमान काडा."

सिद्धलिंगप्पांनी चष्मा वर केला. "शेळकेबाई, मागं बसवा म्हनला, आता काढा म्हनता. पुढच्या सभेला काय, रंग द्यायचा?"

पुन्हा हशा. माझे कान तापले. मथुराबाईंनी हशा संपू दिला.

"हसा की. गणपती बघून बांदली आमी, हसन्यासारकंच हाय," त्या म्हणाल्या. "पर माजं आयका. आमचे मालक ड्रायव्हर हुते. त्येनी जल्मात कुनाची गाडी अडवली न्हाय. अडकलेली सोडवून दिली. आनी त्ये गेल्यावर आमी त्येंचं नाव घेऊन गाड्या अडवायला उबं केलं. मला तवाच कसंतरी झालं हुतं. पर समदी खुशीत हुती, बोलवंना."

सभागृहात कोणी हसलं नाही.

पलीकडच्या बाकावरून एकाने विचारलं, बरोबर आहे बाई, पण पुन्हा ट्रक शिरले तर? त्याचं विचारणं टोमण्याचं नव्हतं.

"शिरत्याल," मथुराबाई म्हणाल्या. "त्येला पाटी लावा, पोलिस उबा करा, फोनात काय दुरुस्ती व्हती का बगा. तुमी शिकल्याली मानसं हाय, काडाल कायतरी. ट्रकवाला पाटी वाचतो. पानी वाचत न्हाय."

महापौरबाईंनी सचिवांकडे पाहिलं. सचिवांनी नियम सांगितला. सभागृहाने ज्या वास्तूला नाव दिलं ती काढायची, तर प्रस्ताव लेखी हवा आणि मांडणाऱ्या सभासदाने तो पूर्ण वाचायला हवा.

मथुराबाईंनी पिशवीतून मी लिहिलेला कागद काढला. चष्मा लावला. एकेका शब्दावर बोट ठेवून त्या वाचू लागल्या.

"शुक्रवार पेठेतील पावसाळी गटाराचे काम मोठ्या व्यासाच्या पाइपांनी पूर्ण व्हावे, याकरिता गल्लीच्या तोंडाशी असलेले, कैलासवासी..."

आणि थांबल्या.

मला वाटलं अक्षर लागलं नाही. मग एकदम लक्षात आलं. मी शाळेत शिकवलं, माझ्या नवऱ्याला मी अगदी 'अहो'च म्हणत आले तरी लिहिताना-सांगताना नाव घ्यायची मला सवय होती. मथुराबाईंनी कधीच घेतलं नव्हतं. रेशनच्या दुकानात, बँकेत, दवाखान्यात कुणी नवऱ्याचं नाव विचारलं तर त्या कार्ड पुढे करत, नाहीतर शेजारणीकडे बघत. हळदीकुंकवाला उखाण्याचा आग्रह झाला की हसून 'दिग्याचे बाबा' म्हणून सुटका करून घेत. आमच्या गल्लीत कितीतरी वर्षं राहून मी त्यांच्या तोंडून ते नाव ऐकलेलं नव्हतं. आणि ते मी त्यांना कागदावर लिहून दिलं होतं, भर सभेत वाचायला.

बोट त्या शब्दावर तसंच होतं. कोणीतरी मागून म्हणालं, वाचा बाई, वाचा.

सिद्धलिंगप्पा सावकाश उठले. त्यांनी मथुराबाईंकडे पाहिलं नाही, पीठासनाकडे बघूनच बोलले. "महापौर मॅडम, आमच्या घरातबी अशीच एक बाई होती. पुढचं वाचलं असं समजा."

"वाचले असे समजण्यात येते," सचिव म्हणाले. सगळ्यांना हायसं वाटलं. बाकांवर हालचाल झाली. महापौरबाई मत घ्यायला पुढे झुकल्या.

मथुराबाई बसल्या नाहीत.

"न्हाय," त्या म्हणाल्या. "वाचते."

त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला. समोरच्या माइकचं बटण त्यांना सापडेना, शेजारच्या बाईंनी ते दाबून दिलं.

"कैलासवासी रावजी," त्यांनी वाचलं. दम घेतला. "रावजी ज्ञानबा शेळके प्रवेशद्वार... काढून टाकण्यात यावे."

आवाज इतका खाली गेला होता की माइक नसता तर वर गॅलरीत मला ते ऐकू आलं नसतं. त्यांनी कागदाची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि त्या बसल्या. मत घेतलं गेलं. 'मंजूर' असं सगळे म्हणाले, पण बाकं कुणी वाजवली नाहीत.

परत येताना रिक्षात आम्ही दोघीच होतो. मला काहीतरी बोलायचं होतं, माझं चुकलं वगैरे, पण त्यांनी बोलूच दिलं नाही. बाजारातून दुर्गाच्या सासूसाठी मऊ केळी घेऊ या म्हणाल्या, तिला दात नाहीत. केळी घेतली. वाटेत एकदाच त्या आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाल्या, "वाईट न्हाय लागत तोंडाला." केळी अजून पिशवीतच होती.

कमान गॅस कटरने कापली. त्या वेळी मथुराबाईंनी गिरणी सुरू ठेवली होती. दिग्विजय रविवारी आला. आईशी फार बोलला नाही. पाटी त्याने स्वच्छ पुसली, चादरीत गुंडाळली आणि गाडीच्या मागच्या सीटवर ठेवली. पुण्याला नेतो म्हणाला. कुठे लावणार ते त्यालाही ठाऊक नसावं. मथुराबाईंनी त्याच्याबरोबर शेंगाचटणी आणि कडक भाकरी दिली, नेहमी देतात तशी. निघताना तो पाया पडला तेव्हा त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि तो नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ ठेवला.

ट्रेलर आत आला. दोन्ही बाजूंच्या बायकांनी वाळत घातलेले कपडे काढून घेतले, पोरांना ओट्यावर चढवलं. वेणीमाधव घरातून बाहेर आले नाहीत, पण त्यांची स्कूटर त्यांनी आदल्या दिवशीच आत घेतली होती. आठवडाभर गल्ली उकरलेली होती. सगळीकडे माती, धूळ, खणखणाट. एकेक करून पाइप जमिनीत गेले आणि वरून माती ओढली गेली. एवढे मोठे पाइप, पण बघता बघता दिसेनासे झाले.

शेवटी राहिले ते कमानीच्या दोन खांबांचे खड्डे. त्यातही कामगारांनी सिमेंट भरलं आणि थापीने गुळगुळीत केलं. संध्याकाळी मी खाली उतरले तर मथुराबाई गल्लीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. गिरणी बंद. दोन्ही खड्ड्यांभोवती त्यांनी विटा मांडल्या होत्या. शेजारी पाण्याचा तांब्या.

इथे का बसलात म्हणून मी विचारलं.

"वलं हाय अजून. कुनी पाय दिला तर उटतो की."

मीही गिरणीतून एक स्टूल आणलं आणि बसले. एक रिक्षा आली, तिला त्यांनी हाताने बाजूने जायला सांगितलं. वेणीमाधव फिरून परत येत होते. ते क्षणभर थांबले. मग वाकून एक सरकलेली वीट जागेवर लावली आणि भिंतीच्या कडेकडेने घराकडे गेले.

ऊन कलल्यावरही रस्ता तापलेलाच होता. उन्हाने सिमेंट चिरू नये म्हणून थोड्या थोड्या वेळाने पाणी मारावं लागतं, असं कामगार सांगून गेले होते. मथुराबाई उठल्या. तांब्यात हात बुडवून त्यांनी आधी एका खड्ड्यावर पाणी शिंपडलं, मग रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या आणि दुसऱ्यावर.